कानात आवाज येतो: गोळी घ्यावी की जडीबुटी, हे कसं ठरवायचं

बाहेर काहीच वाजत नसताना कानात शिट्टी, सूं सूं, रातकिड्यांची किरकिर किंवा पिठाच्या गिरणीसारखी घरघर ऐकू येते, त्याला कर्णनाद म्हणतात. खान्देशात "कानमा शिट्टी वाजस" असं सांगत आलेल्या माणसाला लगेच दोन सल्ले मिळतात. मेडिकलवाला नसांची गोळी देतो आणि घरातली वडीलधारी मंडळी लसणीचं तेल गरम करायला घेतात. दोन्ही सल्ले प्रेमापोटी असतात, पण दोन्हींत आवाज कशामुळे येतोय हे कुणी विचारलेलं नसतं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. कर्णनादाचा आवाजच खात्रीने बंद करते असं सिद्ध झालेली गोळी आज जगात कुठेही नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या तक्रारीसाठी एकाही औषधाला मंजुरी दिलेली नाही. तिथल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ साली मार्गदर्शिका काढली. नैराश्यावरच्या, फिटच्या आणि चिंताशामक गोळ्या कर्णनादासाठी सर्रास देऊ नयेत, असं तिच्यात आहे आणि जिंको ही वनस्पती, मेलाटोनिन, झिंक यांचीही शिफारस करू नये, असंही आहे. म्हणजे दोन्हीकडच्या औषधांना एकच माप लावलंय.

असं का, ते समजून घेतलं तर पुढचा खर्च वाचतो. आतल्या कानात शंखाच्या आकाराचा भाग असतो, त्यात अतिसूक्ष्म केसपेशी असतात. वय, मोठा आवाज, काही औषधं किंवा आजार यांमुळे त्या मरतात आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. त्या पट्टीतला आवाज मेंदूकडे पोचेनासा झाला की मेंदू आपली संवेदनशीलता वाढवतो आणि आतली खरखरच ऐकू यायला लागते. मेलेली पेशी ना गोळीने उठते ना काढ्याने. मात्र कर्णनाद मळामुळे, जंतुसंसर्गामुळे, रक्त कमी असल्यामुळे किंवा एखाद्या औषधामुळे असेल, तर त्या कारणावर उपाय करता येतो. आणि कारण कायमचं असलं तरी आवाजासोबत येणारी झोपमोड, चिडचिड आणि धास्ती कमी करता येते. म्हणून "ॲलोपॅथी की आयुर्वेद" हा प्रश्न तिसऱ्या नंबरवर ठेवा. आधी कारण शोधा, मग नेमका त्रास कशाचा आहे ते ठरवा आणि त्यानंतरच औषध निवडा.

इथे वाट पाहायची नाही

एका कानाने अचानक, म्हणजे काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत, ऐकू कमी यायला लागलं आणि सोबत आवाज सुरू झाला, तर ती तातडीची बाब आहे. यात आतल्या कानाची नस गेलेली असू शकते आणि त्यावर स्टेरॉइडचा कोर्स देतात. साधारणपणे वजनाच्या किलोमागे १ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन रोज, जास्तीत जास्त ६० मिलिग्रॅम, असा एक-दोन आठवडे देऊन पुढे हळूहळू कमी करतात. याचा उपयोग पहिल्या दोन आठवड्यांत सगळ्यात जास्त होतो. हे दिवस तेल टाकण्यात गेले तर ते परत मिळत नाहीत. मधुमेह असेल तर स्टेरॉइडने साखर चढते, म्हणून हा कोर्स डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावा, पण मधुमेह आहे म्हणून टाळू नये.

घरी अंदाज घेण्याची एक सोपी रीत आहे. तोंड मिटून "म्‌म्‌म्‌" असं गुणगुणा. ज्या कानाने कमी ऐकू येतं, त्याच कानात हे गुणगुणणं जास्त घुमलं तर बहुधा मळ किंवा मधल्या कानाचा अडथळा आहे. चांगल्या कानात जास्त घुमलं तर नसेची शंका घ्या आणि त्याच दिवशी निघा. हा फक्त अंदाज आहे. गुणगुणून काहीच कळलं नाही तरी दवाखाना टाळू नका.

आवाज नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडत असेल, फक्त एकाच कानात कायम असेल, कानातून पू किंवा रक्त येत असेल, गरगरून पडायला होत असेल, चेहरा वाकडा झाला असेल किंवा डोक्याला मार लागल्यानंतर आवाज सुरू झाला असेल, तर कुठल्याही पॅथीचं औषध सुरू करण्याआधी कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठा. ठोक्यासारखा आवाज रक्तवाहिनीचा असू शकतो. एकाच कानातला आवाज क्वचित नसेवरच्या गाठीचा असतो, ती एमआरआयमध्ये दिसते.

तपासणीत काय काय व्हायला हवं

जळगाव आणि धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत कान-नाक-घसा विभाग आहे. नंदुरबारकडच्या लोकांनी आधी जिल्हा रुग्णालयात विचारावं. कान दुर्बिणीने पाहणं आणि ऑडिओमेट्री, म्हणजे बंद खोलीत हेडफोन लावून केलेली श्रवणचाचणी, एवढं तरी झालंच पाहिजे. ऑडिओमेट्रीचा कागद जपून ठेवा, दोन वर्षांनी तुलना करायला तोच कामी येतो. त्याशिवाय रक्तदाब, हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड आणि शाकाहारी माणसात बी-१२ तपासून घ्यावं. धडगाव, अक्कलकुवा आणि यावल-चोपड्याच्या सातपुडा पट्ट्यातल्या कुटुंबांनी सिकलसेलची तपासणी झाली आहे का तेही पाहावं, कारण सिकलसेलमुळे आतल्या कानाला इजा होऊ शकते.

मळ निघाला तर प्रश्न पुष्कळदा तिथेच मिटतो. मळ मऊ करणारे थेंब ४-५, दिवसातून दोन-तीन वेळा, ३ ते ५ दिवस टाकायचे आणि मग डॉक्टरांकडून काढून घ्यायचा. थेंब टाकल्यावर पहिले दोन दिवस कान आणखी गच्च वाटतो, कारण मळ फुगतो. त्याला घाबरून काडी, पिन किंवा बाजारातल्या कान कोरणाऱ्याची सळई कानात जाऊ देऊ नका. पडद्याला भोक असेल तर हे थेंबही चालत नाहीत.

जबड्याकडेही लक्ष द्या. दात घट्ट आवळल्यावर, जबडा पुढे काढल्यावर किंवा मान वळवल्यावर आवाजाची पट्टी बदलत असेल, तर सांधा आणि स्नायू यांचा वाटा आहे. गुटखा, सुपारी दिवसभर चघळणाऱ्यांत हे पाहावंच. तिथे दातांचे डॉक्टर आणि फिजिओथेरपी कानाच्या औषधापेक्षा जास्त उपयोगी पडतात.

घरात चालू असलेली औषधं आधी तपासा

नवीन औषध शोधण्याआधी जुन्या पिशवीतल्या सगळ्या पट्ट्या टेबलावर मांडा. जास्त डोसमधली ॲस्पिरिन आणि अंगदुखीच्या गोळ्या, कोयनेल म्हणजे क्विनीन, लघवी वाढवणारं फुरोसेमाइड, जेंटामायसिन, अमिकासिन, स्ट्रेप्टोमायसिन ही इंजेक्शनं आणि कॅन्सरवरचं सिस्प्लॅटिन यांनी कर्णनाद होऊ शकतो. ॲस्पिरिनचा आवाज डोस कमी झाल्यावर सहसा जातो. अमिकासिन, स्ट्रेप्टोमायसिन आणि सिस्प्लॅटिनची इजा कायमची राहू शकते. म्हणून टीबीचं इंजेक्शन चालू असताना कानात शिट्टी सुरू झाली तर पुढचं इंजेक्शन घेण्याआधी डॉक्टरांना सांगा. हृदयासाठीची ७५ मिलिग्रॅम ॲस्पिरिन सहसा कर्णनाद करत नाही. ती स्वतःहून बंद करणं धोक्याचं आहे.

मेडिकलवरून चिठ्ठीशिवाय आणलेले कानाचे थेंब हा आणखी एक सापळा. पडद्याला भोक असताना जेंटामायसिन किंवा निओमायसिनचे थेंब आत झिरपले तर आतल्या कानाला इजा करू शकतात.

ॲलोपॅथीच्या गोळ्या: कुठली कशासाठी

सगळ्यात जास्त लिहिली जाणारी गोळी बीटाहिस्टिन. तिची खरी जागा मेनिएरच्या आजारात: गरगर २० मिनिटांपासून काही तास चालते, कान गच्च होतो, ऐकू येणं कमी-जास्त होतं आणि खालच्या पट्टीतली घरघर येते. तिथे दिवसाला २४ ते ४८ मिलिग्रॅम विभागून, जेवणानंतर देतात, आणि तिथेही पुरावा एकमुखी नाही. गरगर नसलेल्या साध्या कर्णनादात तिचा फारसा फायदा दिसलेला नाही. दमा किंवा पोटात अल्सर असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. मेनिएर असेल तर गोळीइतकंच मिठाकडे पाहा. आपल्याकडचे बिबडे, उडदाचे पापड, लोणचं, शेव यांत मीठ असतं, काहींत पापडखारही असतो. घरातलं सगळं मिळून माणशी दिवसाला ५ ग्रॅम मीठ, म्हणजे सपाट चहाचा एक चमचा, ही मर्यादा धरली तर हे पदार्थ रोजच्या ताटात बसत नाहीत.

कॅरोव्हेरिन आपल्याकडे कर्णनादासाठी म्हणूनच विकलं जातं. त्याचा पुरावा थोडा आणि परस्परविरोधी आहे. लिहून दिलं तर "किती आठवड्यांनी बंद करायचं?" असा सरळ प्रश्न विचारा.

झोपेसाठी अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपामची अर्धी गोळी मिळते आणि दोन रात्री छान जातात. मग अर्धीची एक होते. सवय लागलेली ही गोळी एकदम सोडली तर झोप आणि आवाज दोन्ही आधीपेक्षा वाईट होतात, आणि फिट येण्याचाही धोका असतो. घ्यायची वेळ आलीच तर थोड्या दिवसांसाठी, आणि सोडताना डॉक्टरांच्या वेळापत्रकाने हळूहळू. उदासी खोल असेल तर नैराश्यावरचं औषध जरूर घ्या. ते उदासीसाठी असतं आणि ती हटली की आवाजही सुसह्य होतो.

वनस्पती आणि आयुर्वेद: काय घ्यावं, काय टाळावं

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात कानाचे २८ रोग सांगितले आहेत, त्यांत कर्णनाद आणि कर्णक्ष्वेड वेगळे मोजले आहेत. तिथली मुख्य क्रिया कर्णपूरण, म्हणजे कोमट औषधी तेल कानात भरणं. त्यासाठी बिल्वतेल जास्त वापरतात. मोठ्या, काटेकोर चाचण्यांतून त्याचा परिणाम सिद्ध झालेला नाही. कोरडा कान, खाज, मळाची प्रवृत्ती असलेल्यांना आराम वाटतो, तेवढा समजून घ्यावा.

करायचंच असेल तर आधी पडदा शाबूत असल्याचं दुर्बिणीने पाहून घ्या. तेलाची बाटली कोमट पाण्याच्या वाटीत ठेवून गरम करा, थेट आचेवर नको. मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून पाहा. गरमही लागू नये आणि गारही. तेल अंगाच्या तापमानापेक्षा जास्त गरम किंवा गार असलं की आतल्या कानातला द्रव हलतो आणि खोली गरगर फिरते. कुशीवर झोपून कान भरा, ५ ते १० मिनिटांनी उलट कुशीवर होऊन तेल काढून टाका आणि बाहेरचा भाग कोरड्या कापडाने पुसा. कापसाचा बोळा रात्रभर आत ठेवू नका. पावसाळ्यात तेलकट, ओलसर कानात बुरशी धरते आणि मग खाज, ठणका आणि नवा आवाज सुरू होतो. मधुमेही माणसाचा कान दुखत असेल तर तेल अजिबात नको. तिथे हाडापर्यंत जाणारा संसर्ग असू शकतो.

बिल्वतेल घरी बनवू नये. त्यात बेलफळाबरोबर गोमूत्र आणि दूध असतं, अर्धवट सिद्ध झालेलं तेल नासतं. परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि मुदतीची तारीख छापलेली बाटलीच घ्या.

लसूण टाकून उकळवलेलं तेल कानाची त्वचा भाजतं. रुईच्या झाडाचं पान तुपावर शेकून त्याचा रस पिळण्याची रीत खेड्यांत अजून आहे. रुईचा चीक दाहक असतो आणि तोच हात डोळ्याला लागला तर बुबुळाला इजा होते. ही रीत आता पूर्ण थांबायला हवी.

पोटात घ्यायच्या औषधांत सारिवादी वटी वैद्य मंडळी नेहमी देतात. नुसत्या वनस्पतींची ती गोळी नव्हे. तिच्यात अभ्रक आणि लोह भस्म असतं. म्हणून ती वैद्याकडूनच आणि ठरावीक मुदतीसाठी घ्यावी. पारा, शिसं, सोमल असलेल्या रसौषधींपासून तर दूरच राहा, मूत्रपिंड कमजोर असेल तर विशेष. अश्वगंधेने झोप थोडी सुधारते असं लहान चाचण्यांत दिसलंय, त्यामुळे झोपेचा त्रास मुख्य असेल तर ती वापरून पाहण्याजोगी आहे. चूर्ण असेल तर ३ ग्रॅम रात्री दुधातून. गरोदरपणात, थायरॉइड जास्त असताना किंवा यकृताचा आजार असताना घेऊ नये. भूक मेली, लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले तर लगेच बंद करून यकृताची तपासणी करा.

जिंको ही परदेशी वनस्पती, पण तिच्या गोळ्या आता जळगाव-धुळ्यातही मिळतात. ब्रिटनमध्ये हजारापेक्षा जास्त लोकांवर झालेल्या चाचणीत ५० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, १२ आठवडे दिली. २००१ साली निकाल छापून आला: जिंको आणि खोटी, म्हणजे औषध नसलेली गोळी यांत फरक पडला नाही. रक्त पातळ करणाऱ्या औषधांबरोबर ती घेतली तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. आमच्या मते यावर पैसे घालू नयेत.

बाजारात किंवा मोबाइलवर "बहिरेपणा आणि कानातला आवाज मुळापासून बरा" अशी जाहिरात दिसली तर लक्षात ठेवा, १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्याने बहिरेपणा बरा करण्याचा दावा करणाऱ्या औषधाची जाहिरात करायलाच मनाई आहे. पुडीवर नाव नाही, घटक नाहीत, आणि दोन दिवसांत अंगदुखी, दमा, कान सगळंच हलकं वाटतंय, तर त्यात स्टेरॉइड मिसळलेलं असण्याची दाट शक्यता असते. अशी पुडी महिनोन्‌महिने घेतली असेल तर एकदम सोडू नका, पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा.

दोन्ही एकत्र चालतात का

पुष्कळदा चालतात, पण काही जोड्या टाळायच्याच. ज्येष्ठमध रोज घेतला तर रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम घसरतं, म्हणजे ब्लडप्रेशरच्या किंवा लघवीच्या गोळीशी त्याची गाठ पडते. शंखपुष्पीच्या सिरपने फिटवरच्या फेनिटॉइनचं रक्तातलं प्रमाण कमी होतं, आणि थांबलेल्या फिट परत येऊ शकतात. अश्वगंधा आणि झोपेची गोळी एकत्र घेतली की वयस्कर माणूस रात्री उठताना पडतो. थायरॉइडची गोळी चालू असेल तर अश्वगंधा सुरू केल्यावर थायरॉइडची तपासणी पुन्हा करून घ्या. वैद्यांना गोळ्यांची यादी आणि डॉक्टरांना चूर्णांची यादी दाखवायला संकोच करू नका; लपवलेल्या पुडीनेच घोळ होतो.

औषधाला मुदत द्या

कर्णनाद आपोआप कमी-जास्त होतो, आणि काही महिन्यांत मेंदूला त्याची सवयही होते. त्यामुळे त्या काळात जे चालू असेल त्याला श्रेय मिळतं. हा भ्रम टाळायचा तर आधी दोन आठवडे काहीच नवीन सुरू न करता वहीत रोज रात्री तीन आकडे लिहा: आवाजाचा त्रास ० ते १०, झोप किती तास, दिवसभर कितीदा लक्ष तिकडे गेलं. मग एकच गोष्ट सुरू करा आणि ६ ते ८ आठवडे तसंच लिहीत राहा. पहिल्या आणि शेवटच्या दोन आठवड्यांची सरासरी काढा. त्रासात किमान २ आकड्यांचा फरक नसेल तर ते औषध बंद, मग ते शंभर रुपयांचं असो वा हजाराचं. डॉक्टरांनी दिलेलं असेल तर बंद करण्याआधी त्यांना वही दाखवा. दोन औषधं एकाच दिवशी सुरू केली तर कुठल्याने फरक पडला आणि कुठल्याने पित्त उठलं, हे कधीच कळत नाही.

औषधाशिवायचा भाग

खरं सांगायचं तर सगळ्यात भक्कम पुरावा इथे आहे. ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्राने बाहेरचे आवाज परत मिळतात आणि आतला आवाज मागे पडतो. ज्येष्ठ आणि गरजू लोकांना सरकारी योजनांतून यंत्र मिळू शकतं, त्यासाठी जिल्हा रुग्णालयात विचारा. विचारांची सवय बदलणारी समुपदेशन पद्धत, सीबीटी, आवाज कमी करत नाही, पण त्याचा त्रास कमी करते. जीव नकोसा वाटण्यापर्यंत मजल गेली असेल तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर मराठीतून, कुठल्याही वेळी, मोफत बोलता येतं. तो फोन लगेच करा.

उन्हाळ्यात आपल्याकडे रात्रभर कूलर चालतो, त्याच्या घरघरीत कानातला आवाज विरून जातो. दिवाळीनंतर कूलर बंद झाला, पंखाही बंद झाला की शांत खोलीत शिट्टी मोठी वाटू लागते आणि आजार वाढल्याची भीती बसते. आजार तेवढाच असतो, खोली शांत झालेली असते. थंडीत पंखा भिंतीकडे तोंड करून लावा किंवा मोबाइलवर पावसाचा आवाज उशीपासून दोन हात लांब ठेवा. आवाज इतकाच ठेवा की शिट्टी त्याच्या मागे पुसट ऐकू येईल. शिट्टी पूर्ण बुडवली तर मेंदूला तिची सवय होत नाही.

जिनिंग, दाल मिल, थ्रेशर, बिनकेबिनचा ट्रॅक्टर आणि लग्नातला डीजे यांपासून उरलेल्या केसपेशी वाचवायला हव्यात. ८५ डेसिबलच्या आवाजात ८ तास ही सुरक्षिततेची हद्द धरली जाते आणि दर ३ डेसिबलला तो वेळ निम्मा होतो. जिनिंगमध्ये हाताशी असलेल्या सरकीच्या कापसाचा बोळा कानात कोंबतात, पण तो फार थोडा आवाज अडवतो. फोमचे इअरप्लग घ्या. हात धुऊन प्लग बोटांत बारीक वळा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाचा वरचा भाग वर-मागे ओढा, प्लग आत सरकवा आणि फुगेपर्यंत २०-३० सेकंद बोटाने धरून ठेवा. प्लग अर्धा बाहेर राहिला तर त्याचा निम्माही उपयोग होत नाही. मळका झाला की बदला. कामावरून घरी आल्यावर मात्र काढून ठेवा, कारण शांत घरात प्लग घालून बसलं की कानातली शिट्टी जास्तच जाणवते.